परदेशात बाईक घ्यायची, पण कोणाच्या नावावर?

गेल्या रविवारी भाचा डोंबिवलीहून आला आणि ताट वाढायच्या आधीच मोबाईल तोंडासमोर धरला. व्हिएतनाममधल्या 'हा जियांग लूप' या डोंगरी रस्त्याचं रील, धुकं, वळणं, मागे बॅग बांधलेली एक मळकी बाईक. "मामा, हनोईत तीनशे डॉलरला मिळते. दीड महिना फिरवायची, सायगावला जाऊन विकायची, पैसे परत. भाड्याने घेणारे वेडे आहेत."

मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनाम म्हणजे आपलं नवीन गोवा झालंय, आणि मी २०१९ ला हाच उद्योग केलेला असल्यामुळे 'तिथे बाईक विकत घेऊ का?' हा प्रश्न मला ऑफिसात, सोसायटीत, एकदा तर चक्क लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तुझी ॲक्टिव्हा कोणाच्या नावावर आहे रे?

भाच्याला मी उलट हेच विचारलं, तर गप्प. कॉलेजच्या एका सीनियरकडून चार वर्षांपूर्वी घेतली, रोख पैसे दिले, चावी घेतली, आरसी हातात आली, पण ट्रान्सफर 'करू नंतर' म्हणत राहून गेली. चलान अजून त्या सीनियरच्या मोबाईलवर जातं, तो स्क्रीनशॉट पाठवतो, हा जीपे करतो. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, पण ते आरटीओच्या रांगेत उभं राहणार कोण.

म्हणजे गाडी हातात येणं वेगळं आणि नावावर होणं वेगळं. मुंबईच्या माणसाला हे जास्त समजवायला लागू नये, इथे एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेले किती लोक आहेत. राहतो आपण, लाईटबिल भरतो आपण, फरशी आपण बदलली, पण सर्व्हेवाला दारात आला की यादीतलं नाव वाचतो आणि ते आपलं नसतं. तोपर्यंत सगळं मजेत असतं.

परदेशात टुरिस्ट म्हणून बाईक घेणं बऱ्याच देशांत ही नोटरीवरची खोली आहे, आणि काही देशांत चक्क रजिस्टर्ड ॲग्रीमेंट. कुठे काय, एवढं कळलं की निम्मं काम झालं. किंमत सगळे आधी बघतात, मी म्हणतो ती सगळ्यात शेवटी बघा.

ब्लू कार्ड आणि दोन तारखांची गंमत

व्हिएतनाममध्ये बाईकच्या रजिस्ट्रेशनचं एक छोटं कार्ड असतं, त्याला फिरस्ते लोक ब्लू कार्ड म्हणतात. आपलं आरसीच. त्यावर मालकाचं नाव, नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर. माझ्या हातात आलं तेव्हा त्याचे कोपरे झिजले होते आणि त्यावर कुठल्यातरी माणसाचं नाव होतं ज्याला मी कधी बघितलं नाही, आणि ज्या इंग्रज पोराकडून मी ती बाईक घेतली त्यानेही बघितलं नव्हतं. त्याने ती एका फ्रेंचाकडून घेतलेली, फ्रेंचाने अजून कोणाकडून. बाईक फिरतेय, पैसे फिरतायत, नाव तिथेच बसलंय.

नावावर का करत नाहीत? कारण होतच नाही. तिथे परदेशी माणसाच्या नावावर गाडी करायची तर रेसिडेन्स कार्ड लागतं आणि त्याची मुदत किमान ६ महिने शिल्लक असावी लागते. टुरिस्टला ई-व्हिसा मिळतो जास्तीत जास्त ९० दिवसांचा. ९० दिवसांच्या व्हिसावर ६ महिन्यांचं कार्ड कुठून आणणार, गणितच बसत नाही. विक्रेता कितीही म्हणाला 'नो प्रॉब्लेम', तरी नाही बसत.

आता गंमत बघा, ई-व्हिसा ३० दिवसांचा ९० दिवस झाला तो १५ ऑगस्ट २०२३ ला, आणि त्याच दिवशी तिथे दुसरा एक नियम लागू झाला ज्याच्याकडे रीलवाल्यांचं लक्षच गेलं नाही. त्या दिवसापासून नंबर प्लेट गाडीची राहिली नाही, माणसाची झाली. मालकाने बाईक विकली की त्याने प्लेट आणि कार्ड पोलिसांकडे जमा करायचं, नंबर त्याच्याच नावावर राहणार, नवीन मालकाला नवीन नंबर. आपल्या मोबाईल नंबरसारखं समजा, हँडसेट विकला म्हणून नंबर देत नाही ना आपण. म्हणजे फिरायला मुदत तिप्पट मिळाली आणि त्याच दिवशी दुसऱ्याच्या कार्डावर बाईक फिरवायची ती जुनी सोय कागदावर अजून कच्ची झाली. आज रस्त्यावर जी बाईक चारशे डॉलरला विकायला उभी आहे तिची प्लेट कायद्याने कोणाची, हे ती विकणाऱ्याला स्वतःला माहीत असेलच असं नाही.

"पण मामा, सगळेच तर असंच घेतात"

घेतात. मीही घेतली. रस्त्यात तीनदा बिघडली, फोंग न्याच्या अलीकडे चेन तुटली, तिथे दर दोन-चार किलोमीटरला 'सुआ से' लिहिलेली पाटी दिसते, म्हणजे दुरुस्ती, तिथल्या एका बाईने मुलाला कडेवर घेऊन चेन जोडून दिली आणि वर चहा पाजला. साधारण सतराशे किलोमीटरचा देश आहे हनोई ते सायगाव, माझे फाटे धरून अडीच हजार झाले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण सगळे करतात हा युक्तिवाद विरार लोकलच्या दारात लटकण्याचाही आहे. रोज लाखो लोक लटकतात आणि पोचतात. प्रश्न पोचणाऱ्यांचा नसतोच. कार्डावरचं नाव कधी बाहेर येतं, तर बाईक चोरीला गेली आणि तक्रार द्यायची वेळ आली, किंवा कोणाला धडक बसली, किंवा पोलिसाने बाईक जप्त केली आणि सोडवायला मालक घेऊन ये म्हणाला. मालक कुठून आणू? त्या फ्रेंचाला फोन करू? चोरीच्या तक्रारीतसुद्धा पहिला प्रश्न तोच असतो की गाडी तुमची होती का.

लायसन्सचं वेगळंच रामायण

हे खरं म्हणजे मालकीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे आणि इथेच आपली लोकं हमखास फसतात. आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आपल्या लायसन्सचं परदेशात चालेल असं पुस्तक. आरटीओत फॉर्म ४ए भरा, हजार रुपये फी, एक वर्षाची मुदत, मूळ लायसन्सवर गिअरवाली मोटरसायकल असली तरच त्यात मोटरसायकलचा वर्ग येतो. स्कूटीच्या लायसन्सवाल्यांनी हे वाक्य परत वाचा.

आता हे पुस्तक सगळ्या जगात चालतं असं सगळ्यांना वाटतं, आणि ते तसं नाहीये. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत, एक १९४९ चा जिनिव्हाचा आणि एक १९६८ चा व्हिएन्नाचा. आपलं आयडीपी १९४९ च्या कराराखाली निघतं. व्हिएतनामने सही केलीय १९६८ वाल्यावर. हे म्हणजे रेल्वेचं तिकीट बेस्टच्या कंडक्टरला दाखवण्यासारखं आहे. तिकीट खरं आहे, पैसे भरलेत, पण त्याच्या बसचं नाही. थायलंड १९४९ मध्येही आहे म्हणून तिथे आपलं चालतं, आणि मग लोकांना वाटतं बँकॉकला चाललं तर हनोईलाही चालेल.

मला २०१९ ला एका नाक्यावर पोलिसाने थांबवलं, पुस्तक उलटसुलट बघितलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत दिलं. त्या वेळी मला वाटलं माझे कागद एकदम क्लिअर आहेत. घरी आल्यावर सहा महिन्यांनी कळलं की ते माझं नशीब होतं. आता तर हा जियांगच्या बाजूला परदेशी रायडर थांबवून लायसन्स बघणं नेहमीचं झालंय.

"ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय की"

काढलाय, पण त्याच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की त्या देशात वैध लायसन्स नसताना गाडी चालवली तर क्लेम नाही. हेल्मेटची अट असते, कुठे सीसीची अट असते. म्हणजे वरचं लायसन्सचं रामायण इथे येऊन मिळतं: पोलिसाने सोडलं तरी इन्शुरन्सवाला सोडणार नाही. मांडीचं हाड मोडून हॉस्पिटलात पडलं की ज्या बिलाची भीती असते तेच बिल आपल्यावर येतं, तीनशे डॉलरच्या बाईकपायी. पॉलिसी घेताना फोन करून सरळ विचारा की या देशात, या लायसन्सवर, एवढ्या सीसीची बाईक, स्वतः चालवणार, कव्हर आहे का, आणि उत्तर ईमेलवर मागा. तोंडी 'हो सर'ला काही अर्थ नाही.

मग चक्क नावावर होते असे देश आहेत का?

आहेत, आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते. कोलंबिया. तिथे टुरिस्ट नुसत्या पासपोर्टवर बाईक घेऊ शकतो, आधी रुंत नावाच्या राष्ट्रीय वाहन नोंदणीत आपलं नाव आणि बोटांचे ठसे द्यायचे, मग गाडी नावावर होते, मालकीचं कार्ड मिळतं, त्यावर आपलं स्वतःचं नाव. सोआत नावाचा सक्तीचा विमा दरवर्षी घ्यावा लागतो, आपल्या थर्ड पार्टीसारखा. नवीन बाईकला पहिली दोन वर्षं फिटनेस तपासणी नाही. आठवडा-दोन आठवडे जातात, स्पॅनिश येत नसेल तर जरा डोकं उठतं, पण शेवटी कागद खरा असतो.

आणि घ्यायची कुठली? बोगोटाच्या शोरूममध्ये पल्सर उभी असते, आपली चाकणच्या बजाजची. हीरोचा तर २०१५ पासून तिथे स्वतःचा कारखाना आहे, काउका प्रांतात. म्हणजे अँडीज पर्वतात क्लच वायर तुटली तर मेकॅनिकला आपल्या परळच्या मेकॅनिकएवढंच त्या गाडीचं ज्ञान असतं. भाच्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा पडला, एवढ्या लांब जाऊन पल्सरच चालवायची का म्हणे. अरे बाबा, पार्ट मिळतात हे सौंदर्य आहे.

चिलीतही होतं, तिथे आधी रुत नावाचा टॅक्स नंबर काढावा लागतो, आपल्या पॅनसारखा, आणि तिथला पत्ता द्यावा लागतो. जर्मनीत राहण्याचा पत्ता नसेल तर नेहमीचं पासिंग होत नाही, पण देशाबाहेर न्यायला म्हणून एक्स्पोर्ट प्लेट मिळते, तिच्या उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि त्यावर मुदत संपायची तारीख छापलेली. म्हणजे प्लेटच ओरडून सांगते की पाहुणे कधी निघणार.

ब्रिटनचं मात्र ऐका. तिथे लॉगबुक असतं, व्ही५सी म्हणतात, ते आपल्या नावावर आलं की आपण मालक झालो असं कोणालाही वाटेल. पण त्या कागदावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, ज्याचं नाव आहे तो फक्त गाडी सांभाळणारा. मालकीसाठी पैसे दिल्याची पावती जपायची. त्यामुळे कुठलाही देश असो, पावती घ्या, विकणाऱ्याचं नाव, पासपोर्ट नंबर, इंजिन-चेसिस नंबर, रक्कम, दोघांच्या सह्या.

बॉर्डर आली की

ज्यांनी मुंबईहून नेपाळची राईड केलीय त्यांना हे आधीच माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. सुनौलीला भन्सारच्या, म्हणजे नेपाळी कस्टम्सच्या, खिडकीवर उभं राहून चिठ्ठी फाडतो ना, इतके दिवस गाडी आत राहील, मग बाहेर जाईल, तोच हा प्रकार. जगात त्याला टीआयपी म्हणतात, टेम्पररी इम्पोर्ट परमिट. लग्नासाठी आणलेली भांडी आठवा. मोजून देतात, मोजून घेतात, एक पातेलं कमी आलं तर डिपॉझिट अडकतं. कस्टम्सला एवढंच बघायचं असतं की तू आमच्या देशात गाडी आणून गुपचूप विकत तर नाहीस ना, ड्युटी बुडवून. म्हणून परमिट पासपोर्टला बांधलेलं असतं, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ९० दिवस, आणि गाडी आत ठेवून तुम्ही विमानाने निघालात तर दंड.

इथे नावाचा प्रश्न परत उभा राहतो. आपल्या नावावरची कोलंबियन पल्सर घेऊन इक्वाडोर, पेरूच्या बॉर्डरवर गेलात तर परमिट मिळतं कारण कार्डावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच असतं. अनोळखी माणसाच्या ब्लू कार्डावर व्हिएतनामबाहेर पडायला गेलात तर सगळं त्या नाक्यावरच्या माणसाच्या मूडवर. कोणी लाओसमध्ये सोडतो, कोणी परत पाठवतो. थायलंडने तर २०१६ पासून बाहेरच्या बहुतेक गाड्यांना आधी परवानगी काढायला लावलीय, चीनचं विचारूच नका.

कार्ने, म्हणजे गाडीसाठीचं कस्टम्सचं पुस्तक, हा याचाच मोठा भाऊ. आपली मुंबईची बाईक घेऊन इराणमार्गे युरोपला जायचं म्हटलं की अनेक देश हे पुस्तक मागतात. प्रत्येक बॉर्डरवर पानाचा एक तुकडा फाटतो, शिक्का बसतो, आणि मागे बँक गॅरंटी अडकलेली असते. चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमध्ये त्याची चौकशी होते. पण जो तिथे जाऊन बाईक घेणार आहे त्याला याची गरज क्वचितच पडते, म्हणून पुढे चलू.

"आवडली तर मुंबईला घेऊन येईन"

नाही येणार. सेकंडहँड गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, वर कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीचा जीव काढते, वर टेस्टिंगची सर्टिफिकेटं. नियमात जुनी गाडी उतरवायचं बंदर म्हणून मुंबईच दिलंय, पण म्हणून काही सूट नाही मिळत. तीनशे डॉलरची बाईक असेल तर सेल्फी घ्या आणि सोडून द्या.

पैसे आणि पेन्सिल

रोख डॉलर बहुतेक देशांसाठी ट्रिपमागे ३००० पर्यंतच नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डवर. त्यामुळे रोखीत मोठी बाईक घेण्याचा बेत असेल तर आधी हिशोब करा.

आणि एक पेन्सिल न्या. खरंच सांगतोय. आरटीओच्या बाहेरचे एजंट चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तो पेन्सिल प्रिंट. हनोईत पहिली बाईक बघितली तेव्हा मी हँडलच्या खाली बाईकच्या मानेजवळ कागद लावून घासायला लागलो, विकणारा पोरगा बघतच राहिला, त्याला वाटलं मी चित्र काढतोय. प्रिंट ब्लू कार्डाशेजारी धरला, शेवटून तिसरा आकडा कार्डावर ८ आणि लोखंडावर ३. त्याला दाखवलं तर तो म्हणाला सेम सेम. मी म्हटलं सेम नाही रे, आणि दुसऱ्या बाईकवर गेलो. हे मी माझ्या हुशारीने केलं नाही, ताडदेव आरटीओत पूर्वी वडिलांबरोबर तासन् तास बसलेलो होतो, तेवढंच कामाला आलं.

तर भाड्याने घेऊ?

तीन आठवड्यांपर्यंत असाल तर डोळे मिटून भाड्याने. सात-आठ डॉलर दिवसाचे, बिघडली तर त्यांची, विकायची कटकट नाही. लायसन्सचा प्रश्न मात्र भाड्यानेही सुटत नाही, त्यामुळे व्हिएतनाममध्ये मी आता हा जियांगला मागे बसून जाईन, तिथले ड्रायव्हर मिळतात. दोन-तीन महिने हातात असतील आणि तीन-चार देश करायचे असतील तरच विकत घेण्यात अर्थ आहे, आणि मग असा देश निवडा जिथे कार्डावर तुमचं नाव येतं.

परत विकायला वेळ राखून ठेवा, हे कोणी सांगत नाही. विमानाच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याचा भाव काय असतो हे गणपतीच्या आदल्या रात्री उरलेल्या मखरांकडे बघून कळतं. कोलंबियात नावावरची बाईक विकायची तर परत रीतसर ट्रान्सफर करावं लागतं, नाहीतर कोणाला तरी मुखत्यारपत्र देऊन या. ते न करता आलात तर आता सीनियर तुम्ही, आणि चलान तुमच्या नावावर.

मी सायगावात पाच दिवस हॉस्टेलच्या भिंतीवर चिठ्ठी लावून बसलो होतो. शेवटी एक डच मुलगी आली, तिने एक चक्कर मारली, ब्रेक दाबून बघितला, साठ डॉलर कमी करून घेतले. मी चावी दिली, पेन्सिल प्रिंटचा कागद दिला, कार्ड दिलं. तिने ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, हा कोण? मी म्हटलं, मालक.